शर्टाचं कोडं

ऑक्टोबरबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला मुंबईत अजून भेटायचाय. पाऊस निघून गेलेला असतो, थंडी काय आपल्याकडे धड येतच नाही, आणि मधल्या मधे हा महिना माणसाला भाजून काढतो. रिक्षावाला वैतागलेला, भाजीवाली वैतागलेली. लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली तरी आधी ‘काय उकडतंय!’ म्हणतात आणि मग मजला विचारतात. मला मात्र ऑक्टोबर आवडतो. का आवडतो असं कुणी विचारलं की मी भांडायच्याच तयारीत असते, म्हणून फारसं कुणी विचारत नाही.

घाटकोपरला माझा गाळा आहे. वर पत्रा, खाली मी आणि माझं लेझर मशीन. लाकूड, ॲक्रिलिक, पुठ्ठा, म्हणाल ते कापून देते. दारावरच्या पाट्या, तोरणं, केकवर खोचायची नावं, शाळांच्या ट्रॉफ्या. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत पाठ टेकायला फुरसत नसते. दुपारी पत्रा तापतो, मशीन थंड ठेवणारा चिलर पीं पीं करून रडायला लागतो, मग मी त्याच्या पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडते आणि वर दोन शिव्या घालते. एक्झॉस्ट फॅन कितीही ओरडला तरी जळक्या लाकडाचा वास केसात बसतोच. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं तरी सकाळी उशीला तो वास येतो. तो वास आला की समजायचं, ऑक्टोबर लागला.

परवा एक गिऱ्हाईक आलं. तिशीतला मुलगा, बोलायला गोड. आजोबांच्या वाढदिवसाला जिगसॉ पझल हवं होतं. आजोबांचाच फोटो, लाकडावर, आणि सोबत छानशी पेटी. सगळं ठरलं. जाता जाता दारात थांबून म्हणाला, “मॅडम, तुकडे जरा मोठे ठेवा हां. आणि थोडेच. आजोबांना जमलं पाहिजे ना.”

“का? काय होतंय आजोबांना?”

“काही नाही, ठणठणीत आहेत. पण वय झालंय ना आता.”

“वय झालंय म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त दुनिया बघितलीय त्यांनी. मी बारीकच कापते. नाही जमलं तर मला शिव्या घालू देत, माझा नंबर द्या त्यांना.”

तो हसला. बिचाऱ्याला वाटलं मी मस्करी करतेय. मी कसली मस्करी करतेय! तो गेल्यावरही दिवसभर माझं डोकं पत्र्यासारखं तापलेलं होतं, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नव्हता. मला ते बदक आठवलं होतं.

काही वर्षांपूर्वी श्रावणात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाकडं झालेलं तोंड हळूहळू जागेवर आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. हॉस्पिटलमधून तिला माझ्या भावाकडे नेलं होतं, बोरिवलीला. तिथे फिजिओथेरपीची एक मुलगी यायची. मुलगी गोड, मनानं चांगली, माझं तिच्याशी काही वैर नाही. एक दिवस तिनं पिशवीतून प्लास्टिकचं कोडं काढलं. पिवळं बदक, चार तुकडे, चोच केशरी. टाळी वाजवून म्हणाली, “चला आजी, बदकाला त्याची चोच द्या बघू!”

आईनं तिच्याकडे बघितलं, मग बदकाकडे. डाव्या हातानं चोच उचलली आणि ग्रिलमधून खिडकीबाहेर टाकली. खिडकी अठराव्या मजल्यावर होती. खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो.

“माका बदक देतत!” आई म्हणाली. “बदक! माका!”

आमच्या आईचं एक आहे. एरवी ती आमच्यासारखीच बोलते, मुंबईचं सगळं मिसळलेलं. राग आला की सरळ मालवणात जाते. आणि अगदी खराखुरा राग आला, आतून, की एकदम शुद्ध मराठी बोलायला लागते, शाळेच्या बाईंसारखी. लहानपणी आम्ही मालवणीला घाबरायचो नाही. ती शुद्ध बोलायला लागली की मी आणि माझा भाऊ नितीन दोघंही पलंगाखाली जायचो. बदकाच्या वेळी ती फक्त मालवणात होती, म्हणून मी निर्धास्त राहिले.

पण बदक द्यायचं कुणाला, हे जरा बघायला नको का? ही बाई गारमेंटमध्ये कटिंग करायची. बाबांची गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले तेव्हा ही एका गाळ्यात धागे तोडायला लागली, आणि तिथून कटिंगच्या टेबलापर्यंत पोचली. त्या टेबलाशी बाईमाणसाला उभं करायची पद्धत नव्हती. ही उभी राहिली. लांबलचक टेबलावर कापडाच्या घड्या अंथरायच्या आणि त्यावर शर्टाचे भाग, म्हणजे पाठ, छातीकडचे दोन पुढे, बाह्या, कॉलर, कफ, खिसा, असे खडूनं मांडायचे की मधे कमीत कमी कतरण उरली पाहिजे. याला मार्कर लावणं म्हणतात. सुट्टीत मी त्या टेबलाखाली बसून कतरणी गोळा करायचे आणि वरून आईच्या कात्रीचा खस्स खस्स आवाज ऐकायचे. घरी फ्रीजमधले डबेसुद्धा ती मार्करसारखे लावायची. आम्ही एक डबा काढून परत ठेवला की दार लागायचं नाही, आणि मग आमची वाट लागायची.

बोरिवलीच्या घराला मी नावं ठेवणार नाही. नितीननं ते कष्टानं घेतलंय. वहिनी आईचं सगळं करायची, वेळेवर औषध, वेळेवर मऊ भात. पण दाराला आत एक लॅच, बाहेर सेफ्टी डोअर, त्याला आणखी एक कडी. डाव्या हाताला ते जमायचं नाही. दोघं कामावर गेले की आई खिडकीत बसायची. मी गेले की म्हणायची, “खाली माणसं दिसतात गं. पण हाक मारली तर कुणाला पोचणार?” सगळा जन्म वाकोल्याच्या गल्लीत गेलेला, जिथे हाक मारायलाही लागत नाही, नुसतं खाकरलं तरी समोरून ‘काय गं?’ येतं. ती बाई त्या खिडकीत बसून दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. हात सुधारेना, उलट डावा हातसुद्धा आळसावला. करायला होतंच काय त्याला? पाण्याचा ग्लास कुणीतरी तोंडाशी धरायचं.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन लावला. म्हणाली, “वैशू, टॅक्सी घेऊन ये. मी वाकोल्याला जातेय.”

“नितीनला विचारलंस?”

“मी त्याला विचारून त्याला जन्माला घातला काय?”

मी टॅक्सी घेऊन गेले. मला काय, बरंच होतं. माझं लग्न मोडून जमाना झाला, मी एकटा जीव, घाटकोपरला झोपले काय आणि वाकोल्याला झोपले काय. रात्री मी तिच्यापाशी, दिवसा समोरच्या रोझी आंटी लक्ष ठेवणार, असं ठरलं. आंटी आणि आई एकाच नळावर भांडून भांडून मैत्रिणी झालेल्या. एकीनं दुसरीच्या दाराकडे न बघता दिवस काढला असं झालेलंच नाही.

आईची खोली म्हणजे बैठ्या चाळीतली शेवटची. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, ओट्यावर गॅस. विमानं इतकी खालून जातात की बोलता बोलता थांबायचं आणि विमान गेलं की वाक्य पुरं करायचं. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं, आम्हाला विमान नसलं तर वाटतं. दार उघडलं की थेट गल्ली. आईनं उंबऱ्यावर डावा हात टेकवला, पाय ओढून आत घेतला, खुर्चीत बसली आणि पहिली गोष्ट काय केली, तर मला ओरडली. डबे चुकीचे लावले होते म्हणून. तो ओरडा ऐकून मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

हाताला काम हवं हे तर खरंच होतं. मी गाळ्यातून उरलेल्या प्लायचा तुकडा घेतला आणि एक पोपट कापून आणला, सोप्यातला सोपा, मोठे मोठे तुकडे. हो, मीसुद्धा. त्या आजोबांच्या नातवाला मी एवढं झापलं, पण मीही तेच केलं होतं. आईनं तो पोपट बघता बघता डाव्या हातानं लावला आणि परत माझ्या हातात ठेवला. “गल्लीतल्या पोरांना दे,” म्हणाली. “आणि माझ्यासाठी काही आणायचं तर असं आण की तुलासुद्धा घाम फुटेल.”

दसऱ्याला नितीन सोनं द्यायला आला. आपट्याची पानं आईच्या हातात ठेवली, पाया पडला, आणि तिथेच विषय काढला. त्याचा शब्द एकच: सेफ. “आई, तू तिथे सेफ होतीस. इथे मोरीत पाय घसरला तर? गॅस चालू राहिला तर?” तो वाईट माणूस नाही हो. घाबरलेला माणूस आहे. हॉस्पिटलच्या दारात त्याला मी थरथरताना बघितलंय. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याला कोंडून घालतो आणि वर त्याला काळजी म्हणतो, हेही मी बघितलंय.

आमची जुंपली. आई मोरीत तोंड धुवायला गेली होती, आणि आम्ही दोघं मोठ्या आवाजात हळू बोलत होतो.

“तिला स्वतःचं काहीही जमत नाही, वैशू. तू आंधळी झालीयस.”

“सगळं जमतं. तू बघत नाहीस.”

“बरं. तू कोडं करून देणारेस ना तिला? खरं, मोठ्या माणसाचं? ते तिनं माझ्यासमोर एकटीनं पूर्ण लावून दाखवू दे. भाऊबीजेला. जमलं तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही जमलं तर ती बोरिवलीला येईल आणि मग तू मधे यायचं नाहीस.”

“डन!” मी म्हणाले. मला वाटलं, जिंकलेच मी.

नितीन गेल्यावर मी आईला सांगितलं. ती टॉवेलनं तोंड पुसत होती, एका हातानं. “हं,” म्हणाली, एवढंच.

मग मी कोडं काढायला बसले. फूल नको, देव नको, ताजमहाल नको. काय काढावं हे मला विचारच करावा लागला नाही, हात आपोआप चालला. चौकटीच्या लाकडी पाटीत शर्टाचं मार्कर. पाठ, पुढे, बाह्या, कॉलर, कफ, खिसा, आणि त्यांच्या मधल्या ज्या वेड्यावाकड्या फटी उरतात, कापडाच्या टेबलावर ज्या झाडून टाकतात, त्या सगळ्या फटींचेही तुकडे. वर चित्र नाही, रंग नाही, नंबर नाही. दोन्ही बाजूंनी कोरं लाकूड. फक्त आकारावरून ओळखायचं. झाकणावरही नमुना द्यायचा नाही. कॉम्प्युटरवर बघून मलाच घाम फुटला, तेव्हा कळलं की झालंय मनासारखं.

कापायचं ते मी दोनदा कापलं. लेझर जिथून जातो तिथलं केसभर लाकूड खाऊन टाकतो. ते खाणं हिशोबात धरून रेघ थोडी सरकवून काढावी लागते, नाहीतर तुकडे लावल्यावर खुळखुळतात. पहिल्या खेपेला खुळखुळले. आईच्या हाताला घट्ट बसलेलं कळायला हवं, खट्ट असा आवाज यायला हवा, म्हणून परत बसले. प्लायवर कागदी टेप चिकटवला, धुराचे डाग पडू नयेत म्हणून. जाड प्लाय घेतला, डाव्या हाताच्या बोटांना कडा धरता यावी असा. बाहेर दिवाळीची तोरणं कापायची थांबली होती, गिऱ्हाईकं फोन करत होती, चिलर रडत होता, आणि मी बाहीचा गोलवा पॉलिश पेपरनं घासत बसले होते.

पेटीला त्याहून जास्त वेळ लागला. एका हातानं उघडणारी पेटी करून बघा एकदा! आपण झाकण उघडतो तेव्हा दुसरा हात पेटी धरून ठेवतो, हे लक्षातच येत नाही. सरकत्या झाकणाची पहिली पेटी मी आईला दिली. ती झाकण ढकलायला गेली की पेटीच टेबलावरून पळायची. चार वेळा पळाल्यावर आईनं पेटी मांडीत धरली आणि झाकण दातानं ओढलं. मी किंचाळले. रोझी आंटी उंबऱ्यातून म्हणाल्या, “अगं दात तरी खरे हायत तिचे, माझं काय?” मग मी पेटीच्या तळाला रबर लावलं, झाकणाला बोट अडकेल अशी खाच दिली, आणि आत बारीक उतार केला, म्हणजे झाकण नुसतं हलवलं की आपण होऊन सरकतं. आई बोट अडकवून उघडायची, बंद करायची, परत उघडायची. तासभर नुसती पेटीच उघडत बसली. आत काय आहे ते दुसऱ्या दिवशी बघितलं.

आणि दुसऱ्या दिवशी माझी चूक पकडली.

चूक अशी की ऐकून गारमेंटमधला कुणीही हसेल. शर्टाच्या दोन बाह्या सारख्या नसतात, एक डावी, एक उजवी, आरशातल्यासारख्या. मी कॉम्प्युटरवर एक बाही काढली आणि घाईत तीच उचलून, फिरवून दुसऱ्या जागी ठेवली. उलटी करायला विसरले. म्हणजे शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या. कटिंगच्या टेबलाखाली वाढलेली मी, आणि ही अक्कल! आई बाही हातात घ्यायची, आणि तिचा हात सवयीनं दुसरीची जोडी लावायला ती पालथी करायचा. पालथी केली की जागेत बसायची नाही. थोडा वेळ खटाटोप झाला, मग तिनं दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि हसायला लागली. अशी मोकळी हसली ती झटक्यानंतर पहिल्यांदाच.

“गो बाय माझ्ये! दोन्ही डाव्याच?”

“आई, परत कापून आणते. उद्याच आणते.”

“काही नको. राहू दे.” तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. “असला शर्ट माझ्याच मापाचा आहे.”

मग ती रोज बसायला लागली. मी सकाळी गाळ्यावर जायच्या आधी टेबल खिडकीशी ओढून द्यायचे. मोठे भाग आधी, बारीक मागनं, हा टेबलाचा नियम. पाठ ठेवायची, मग पुढे, मग त्यांच्या कुशीत कॉलर आणि कफ. निर्जीव उजवा हात ती वजनासारखा पाटीवर टेकवून ठेवायची, म्हणजे लावलेलं सरकत नाही. तेवढं काम तो करायचा. कधी सगळं लागायचं, कधी अर्ध्यात बोटं दमायची आणि ती कोड्याला अशा शिव्या द्यायची की आंटी छातीवर क्रॉस काढायच्या. ती बाही तर रोज छळायची. डोक्याला माहीत होतं की ही पालथी करायची नाही, पण जन्मभर जोड्या लावलेल्या हाताला कोण सांगणार? संध्याकाळी मी आले की विचारायचे, “लागलं?” आणि ती म्हणायची, “तुला काय करायचंय?” डाव्या हातानं तिनं भाकरी थापायला घेतली, चौकोनी यायची, पण यायची. गल्लीत उंबऱ्यावर बसून लसूण सोलायची, लसणीची एक पाकळी तासभर चालायची. तिला घाई नव्हती. घाई मला होती. भाऊबीज जवळ येत होती, आणि रात्री तिच्याशेजारी झोपल्यावर मी मनातल्या मनात बाही सरळ करत राहायचे.

हे सेफ नावाचं खूळ कुठून आलं, मी पुष्कळदा विचार करते. आपल्याकडे चांगली कपबशी सेफ असते, कपाटात. तिच्यातून कुणी चहा पीत नाही. म्हातारं माणूस जरा अडखळलं की लगेच त्याला तसं ठेवायची घाई होते सगळ्यांना. जिना नको, गॅस नको, बाजार नको, मीठ नको, भांडण नको. ज्यात ज्यात जीव आहे ते सगळं काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा किती छान जपलंय. आणि ह्याच्याविरुद्ध बोललं की आपण निष्काळजी! असू दे. मला निष्काळजी म्हणा. मी ऐकून घेते.

भाऊबीजेला नितीन एकटाच आला, वहिनी तिच्या भावाकडे गेलेली. मी त्याला ओवाळलं. पाटावर बसलेला असतानाच त्याची नजर टेबलावरच्या पेटीकडे गेली. आईनं डाव्या हातानं करंजी त्याच्या तोंडात घातली, थोडं सारण सांडलं. मग ती उठली, खुर्चीत बसली, बोट अडकवून पेटी उघडली आणि सगळे तुकडे टेबलावर ओतले. उंबऱ्यात रोझी आंटी विणकाम घेऊन उभ्या होत्या, पण सुया चालत नव्हत्या.

पाठ ठेवली. खट्ट. एक पुढा. खट्ट. दुसरा पुढा. काय झकास चालला होता तिचा हात! कॉलर, कफ, खिसा, मधल्या कतरणींचे बारके बारके तुकडे, तीन तर तिनं न बघता बसवले. नितीन टेबलाशी खुर्ची ओढून बघायला लागला, त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. विमान गेलं, भांडी थरथरली, तिनं उजवा हात पाटीवर टेकवलेला होता म्हणून काही हललं नाही. एक बाही बसली. खट्ट. मी श्वास सोडला.

आणि दुसरी बाही तिनं उचलली आणि पालथी केली.

लागेना. तिनं दाबली, फिरवली, परत दाबली. बोटं दमली होती, लाल झाली होती. मला दिसत होतं, नुसती उलटायची आहे, आई, नुसती उलट ना! तिनं उलटायला घेतली तेव्हा ती बोटातून निसटली आणि जमिनीवर पडली. आई वाकायला गेली, तिला वाकता आलं नाही. मी उचलून दिली. परत ठेवली, परत पालथीच पडली, आणि आता उलटायला बोटं उघडतच नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नितीन हळूच म्हणाला, “राहू दे, आई.”

मी ताडकन उठले. “नित्या, थांब! ती चूक माझी आहे. मी बाही चुकीची काढलीय, दोन्ही डाव्या आहेत, ही तिची...”

“गप्प बस, वैशाली,” आई म्हणाली.

वैशाली. शुद्ध. मी परत खाली बसले. नितीनही खुर्चीत मागे सरकला.

“माझ्या वतीनं कारणं देऊ नकोस. मला आज जमलं नाही. उद्या जमेल, परवा कदाचित जमणार नाही. पुढच्या वर्षी ही पेटीही उघडता येणार नाही, कोणी सांगावं.” तिनं ती बाही बाजूला ठेवली, शर्टाला एक भोक तसंच राहिलं. “नापास झाले मी. मग? घर कोणाचं आहे? पास झाले असते तरी माझंच होतं, नापास झाले तरी माझंच आहे. तुम्ही दोघांनी माझी परीक्षा ठरवली, मला कोणी विचारलं?”

ते ‘दोघांनी’ माझ्या जिव्हारी लागलं आणि बरोबर लागलं.

“आई, पण पडलीस तर?” नितीनचा आवाज फुटला. “मला झोप लागत नाही गं.”

“पडेन. माणूस पडतं. तू भीत असशील तर इथे येऊन माझ्यासाठी भी, मला तुझ्या भीतीत राहायला नेऊ नकोस.”

उंबऱ्यातून आंटी म्हणाल्या, “करेक्ट!” आणि सुया परत चालायला लागल्या.

आई अजून वाकोल्यालाच आहे. हात काही सुधारला नाही. मोरीत आता एक दांडी आहे, ती नितीननंच बसवली, दोन रविवार घालवले आणि भिंतीला नको तिथे चार भोकं पाडली. किल्ल्यांचा एक जुडगा आंटींकडे असतो. आई एकदा पडलीही, गल्लीत, आणि गल्लीनंच उचललं. कोडं ती मनात आलं तर काढते. कधी पूर्ण लागतं, कधी नाही, आम्ही विचारत नाही. मी तिला दुसरी, बरोबर बाही कापून देऊ का म्हणून अजून विचारते, आणि अजून बोलणी खाते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आम्हाला येऊन सांगावं, दार उघडंच असतं.

पण त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर नंतरचं. आईचं बोलून झालं होतं. नितीन डोळे पुसत होता, मी भिंतीकडे बघत होते. आईनं त्याच्याकडे बघितलं.

“नुसता बसलायस काय? पाहुणा आहेस का? ऊठ, चहा टाक.”

तो उठला. गॅस पेटवला, आधण ठेवलं, चहाची पूड त्याला समोरच दिसली. मग एकेक डबा उघडून बघायला लागला. पोहे, रवा, मीठ, तांदळाचं पीठ. पाणी उकळायला लागलं होतं.

“आई, साखर कुठे आहे?”

आईनं खुर्चीत पाठ टेकली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

“शोध,” ती म्हणाली.